पळसफाट्याची मोजणी

पळसफाट्यावर जहीरचं पंक्चरचं दुकान आहे. दुकान म्हणायचं आपलं. चार पत्रे, एक खोकणारा कॉम्प्रेसर, ट्यूब बुडवून पाहायला अर्धी कापलेली पाण्याची टाकी आणि पुढं जुन्या टायरांची उतरंड. चोवीस वर्षं झाली. तेवढ्या काळात फाट्यावर तीन हॉटेलं उघडली आणि बसली, दुपदरी रस्ता चौपदरी झाला, पळसाचं झाड नावालाही उरलं नाही. जहीर तेवढा राहिला.

यवतमाळहून नांदेडकडे जाणारा महामार्ग इथून सरळ जातो. एका अंगानं फुलसावंगीकडचा रस्ता त्याला येऊन भिडतो, दुसऱ्या अंगानं दिग्रसकडचा निघतो. नकाशावर हे फार देखणं दिसत असणार. पण नकाशा काढणाऱ्यानं कापसाचं मेटाडोर कधी पाहिलं नसावं. दोन्ही बाजूंनी हात-हातभर बाहेर आलेला कापूस, वर दोन माणसं लोळत पडलेली, आणि वळताना ती एकटी गाडी रस्त्याचे दोन पदर खाऊन टाकते. तिचं वळून होईपर्यंत मागं कंटेनर, एसटी, काळीपिवळ्या, ट्रॅक्टर, सगळे एकमेकांच्या नावानं हॉर्न वाजवत उभे. हंगामात दिवसातून चार-पाच वेळा फाटा असा तुंबतो. आणि तुंबला नसेल तेव्हा तिथून गाड्या ज्या वेगानं जातात, त्यापेक्षा तुंबलेला बरा.

महामार्गाच्या एका बाजूला तांडा आहे, बंजाऱ्यांची साठ-सत्तर घरं. दुसऱ्या बाजूला त्यांची शेतं, शाळा, दवाखाना, एसटीचा थांबा. म्हणजे तांड्यातल्या माणसाला काहीही करायचं झालं तरी आधी रस्ता ओलांडायचा. यांच्या आज्या-पणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ लादून अर्धा मुलूख पालथा घातला. त्यांच्या नातवंडांना आता साठ पावलं पलीकडे जायला अर्धा तास लागतो.

जहीरचं मात्र या गर्दीवर पोट होतं, आणि हे त्याला चांगलं ठाऊक होतं. वेगात असलेल्या गाडीचा टायर कुणी बघत नाही. गाडी अडकली की ड्रायव्हर वैतागून खाली उतरतो, उतरला की सवयीनं टायरला लाथ मारतो, आणि लाथ मारली की त्याला कळतं, हवा कमी आहे. मग तो इकडं-तिकडं पाहतो. समोर जहीर असतो.

नेमसिंग हा तांड्याचा नायक, म्हणजे प्रमुख. त्याची आणि जहीरची दोस्ती जुनी, पण भावासारखं नातं झालं ते नेमसिंगच्या धाकट्या भावामुळं, उत्तमसिंगमुळं. पाच वर्षांपूर्वी उत्तमसिंग वैरणीचा भारा घेऊन रस्ता ओलांडत होता. भाऱ्यामुळं त्याला डावीकडून आलेला ट्रक दिसला नाही. जहीर हातातला पाना टाकून धावला, आडवा होऊन एक टेम्पो थांबवला आणि उत्तमसिंगचं डोकं मांडीवर घेऊन दवाखान्याकडं निघाला. डोकं मांडीवर असतानाच तो गेला. त्या दिवसापासून नेमसिंगच्या घरचं दिवाळीचं पहिलं ताट जहीरच्या घरी जायचं, आणि उत्तमसिंगची बायको सोनीबाई त्याला भिया म्हणायची. त्यांच्या बोलीत भिया म्हणजे भाऊ.

उत्तमसिंगनंतर आणखी तिघे तिथंच गेले. नेमसिंगनं अर्जांमागून अर्ज केले. मागणी एकच होती: महामार्ग वरून पुलावर घ्या आणि खालून आम्हाला वाट द्या. सरकारी काम आणि सहा महिने थांब, इथं तर पाच वर्षं थांबले. शेवटी जानेवारीत नागपूरहून एका खाजगी कंपनीची माणसं आली. सात दिवस फाट्यावरची गर्दी मोजायची, किती गाड्या जातात, किती वळतात, किती माणसं आणि गुरं ओलांडतात. आकडा पुरेसा भरला तर पूल, नाही तर नाही.

कंपनीनं खांबांवर कॅमेरे लावले होते. त्यातला फुलसावंगीच्या बाजूचा माकडांनी दुसऱ्याच दिवशी आभाळाकडं वळवला. म्हणून त्या बाजूला हातानं मोजायचं ठरलं. फाट्यावरच्या दोन पोरांना बसवलं तर ती दुपारपर्यंत मोबाइलमध्ये शिरली. कामावरची इंजिनीयर अपेक्षा म्हणून होती, पंचविशीतली, उन्हानं लाल झालेली. ती वैतागून जहीरच्या दुकानात पाणी प्यायला आली. जहीरनं पाठमोरं बसून, नुसत्या आवाजावरून, मागून गेलेल्या गाड्या तिला ओळीनं सांगितल्या. "दहाचाकी, भरेल हाय. मंग बोलेरो. मंग एसटी, तिचा गिअर अडकते."

"चाचा, तुम्हीच बसा," ती म्हणाली.

त्या रात्री जेवताना जहीरची बायको मेहनाज एकच वाक्य बोलली. "पूल हुआ तो अपना क्या?"

जहीरच्याही डोक्यात तेच होतं. पूल झाला की गाड्या डोक्यावरून निघून जाणार. कुणी अडकणार नाही, कुणी उतरणार नाही, कुणी लाथ मारणार नाही. शिवाय पुलाच्या उतारासाठी जागा लागली तर पत्रेही जाणार. पन्नाशी उलटलेल्या माणसानं तेव्हा कोणत्या फाट्यावर जाऊन नवी उतरंड रचायची?

तरी एक गोष्ट त्याच्या बाजूनं सांगितली पाहिजे. त्यानं मोजणीत एक रेघ खोटी मारली नाही. चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, अशी पानंच्या पानं भरली. गिऱ्हाईक आलं तर डोळे रस्त्यावर ठेवून टायर उघडला. बकरी ओलांडली तरी मांडली. तळं राखील तो पाणी चाखील म्हणतात, पण या माणसानं थेंबाला बोट लावलं नाही.

आणि आकडा भरत नव्हता.

का भरत नव्हता, हे फाट्यावर फक्त जहीरला कळत होतं. तांडा रिकामा होता. दरवर्षी दिवाळी झाली की तांड्यातली धडधाकट माणसं ऊसतोडीला सांगली-कोल्हापूरकडं जातात. मागं राहतात म्हातारी आणि काही लेकरं. नेमसिंग गेला होता, त्याची बायको धनीबाई गेली होती, सोनीबाई गेली होती. एरवी दिवसाला तीनशे-साडेतीनशे माणसं जिथून ओलांडायची तिथं जहीरच्या कागदावर चाळीस भरत होती. वरून त्याच आठवड्यात कापसाची खरेदी बंद पडली होती. कापसाच्या बांधलेल्या गठाणी ठेवायला जागा नाही म्हणून जिनिंगवाल्यांनी फाटकं लावली, आणि ऐन हंगामात रस्त्यावर एक मेटाडोर दिसेना. सात दिवस फाटा असा मोकळा होता की कुत्री रस्त्याच्या मधोमध झोपत.

सातव्या दिवशी संध्याकाळी अपेक्षानं कागद गोळा केले. पोरगी भली होती. बेरजा पाहून तिच्या कपाळाला आठी पडली.

"चाचा, अर्जात तर लिहिलंय की इथं फार गर्दी असते. मला तर दिसली नाही. हे नेहमीचंच आहे ना? का या आठवड्यात काही वेगळं होतं?"

शेवटच्या कागदावर शेऱ्याचा एक रकाना होता. तिनं पेन त्यावर टेकवून धरलं होतं.

खरं सांगायला किती वेळ लागला असता? तांडा ऊसतोडीला गेलाय, कापूस बंद आहे, एप्रिलमध्ये या. एका दमात म्हणता येईल एवढंच. जहीरच्या तोंडात ते आलंही. पण त्याच्या डोळ्यांपुढं मेहनाज आली, पत्रे आले, कॉम्प्रेसर आला. स्वतःचा गळा कापायला सुरी देणारा माणूस देवानं अजून घडवायचा आहे.

"नेहमीचंच हाय, मॅडम," तो म्हणाला.

तिनं रकान्यात आडवी रेघ मारली आणि त्याला सही करायला लावली. त्यानं केली.

पुढचे तीन महिने त्यानं स्वतःला नाना परीनं समजावलं. आपण खोटं लिहिलं नाही. आपल्याला कुणी नेमलं नाही तांड्याचा वकील म्हणून. मोठे साहेब आपलं आपण बघून घेतील. दुकानात काम करताना हे सगळं पटायचं. पण शाळा सुटायच्या वेळी म्हाताऱ्या लेकरांची मनगटं धरून दुभाजकावर उभ्या राहिल्या की त्याच्या हातून पाना सटकायचा.

एप्रिलमध्ये तांडा परत आला, आणि चौथ्या दिवशी पत्र आलं. वाहतुकीचं प्रमाण ठरलेल्या मर्यादेपेक्षा बरंच कमी आढळल्यानं पुलाचा प्रस्ताव बंद करण्यात येत आहे. त्याऐवजी दोन सूचनाफलक लावण्यात येतील.

संध्याकाळी तांड्यात बैठक बसली. नेमसिंगनं जहीरलाही बोलावणं पाठवलं. फाट्याचा विषय निघाला की तो हवाच. जहीर मागं बसायला गेला, तर नेमसिंगनं हाताला धरून पुढं आपल्या शेजारी बसवलं. जहीरला तो हात विस्तवासारखा लागला.

पत्र वाचून झालं आणि पोरं भडकली. कपिल म्हणून एक शिकलेला पोरगा होता, तो उभा राहिला. "खोटं मोजलं हाय हे. पैसे खाल्ले कोनीतरी. उद्याच यवतमाळले जाऊ, फेरमोजणी मागू, नाही तं रस्त्यावर बसू."

"बसू, बसू," सगळे म्हणाले.

नेमसिंगनं हात वर केला. थकलेला दिसत होता. सहा महिने ऊस तोडून त्याचे हात फुटले होते.

"मोजाले कोन होतं, ठाऊक हाय का तुमाले? हा जहीर होता. दुसरा कोनी असता तं म्याच म्हनलं असतं, खोटं हाय. माह्या भावाले यानं मांडीवर नेलं. हा खोटी रेघ मारन का? यानं मोजलं ना, मंग तेवढंच भरलं असन. आपलंच नशीब." त्यानं पत्राची घडी घातली. "आता अर्ज बंद. लेकराईचे हात धरून ओलांडत जा."

नायकाचा शब्द झाला होता, आणि जहीरच्या नावावर झाला होता. दोघी-तिघी बायका उठायला लागल्या. सोनीबाई पदर सावरत म्हणाली, "चला. भियानं मोजलं तं बरोबरच हाय."

जहीरला आणखी पाच मिनिटं मिठाची गुळणी धरता आली असती तर सगळं निभावलं असतं. दुकान राहिलं असतं, दोस्ती राहिली असती, दिवाळीचं ताटही आलं असतं. पण या बाईच्या तोंडून ते वाक्य ऐकलं आणि त्याला धरवेना.

"थांबा," तो म्हणाला. बायका उठतच होत्या, म्हणून पुन्हा म्हणाला. "थांबा जरा. मोजनी खरी हाय. आठवडा खोटा होता."

नेमसिंगला कळलं नाही. "म्हंजे?"

"तुमी सारे ऊसतोडीले गेलते. कापूस बंद होता. फाट्यावर चिटपाखरू नव्हतं. मॅडमनं मले इचारलं, नेहमीचंच हाय का हे. म्या म्हनलं, हो."

"तुले ठाऊक होतं?"

"ठाऊक होतं."

"मंग काहून म्हनलं?"

पोराबाळांच्या शपथा घालून दुसरं काही सांगता आलं असतं. जहीरनं सांगितलं नाही. "दुकानासाठी," तो म्हणाला.

कपिल त्याच्या अंगावर आला, त्याला दोघांनी धरलं. एक म्हातारा शिव्या देत उठला. नेमसिंग मात्र जागचा हलला नाही. पत्राची घडी त्यानं उलगडली, गुडघ्यावर सपाट केली, आणि त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला बोट ठेवलं.

"आता बोल्ला तेच यावर लेहून दे. सही कर. तारीख टाक."

जहीरनं लिहून दिलं. स्वच्छ लिहिलं. तांडा कधी जातो, कधी येतो, कापूस किती दिवस बंद होता, मॅडमनं काय विचारलं आणि आपण काय सांगितलं. नेमसिंगनं कागद वाचला आणि कपिलच्या हाती दिला. सोनीबाई जाताना जहीरकडं न बघता गेली. त्याला शिव्या चालल्या असत्या.

कागद यवतमाळला पोचला, पोचल्याची पावतीही मिळाली. फेरमोजणीचं अजून काही कळलेलं नाही. घरी मेहनाज तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली, "पहले ही बोल देते." मग जेवायला वाढलं.

मे महिन्यातल्या एका दुपारी नेमसिंग शेताकडून मोटारसायकल ढकलत फाट्यावर आला. मागचं चाक पूर्ण बसलं होतं. वर डिझेलचा कॅन बांधलेला, ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. जहीरनं त्याला लांबूनच पाहिलं. हातातलं काम टाकून त्यानं टाकीत पाणी भरलं, लिव्हर काढून ठेवले आणि पत्र्याच्या सावलीतला स्टूल फडक्यानं पुसला. नेमसिंगला बोलावून काय म्हणायचं ते त्याला सुचत नव्हतं, पण चाक तर काढू, चाक काढताना सुचेल, असं त्याला वाटत होतं.

पुढचं पंक्चरचं दुकान महागावच्या अंगाला चार किलोमीटरवर आहे. नेमसिंग दुकानासमोर आला, हँडलवरची पकड बदलायला क्षणभर थांबला, आणि कडेकडेनं गाडी ढकलत पुढं निघून गेला.