तांबं लागू नये म्हणून

मी ज्या दगडात काम करते त्याचं नाव पोर्फिरी. पहिल्यांदा फोनवर हे नाव सांगितलं तेव्हा आई शेजारी बसलेल्या वडिलांना म्हणाली, "काय सांगू, पोर फिरी राहिनी." आमच्या अहिराणीत याचा अर्थ पोरगी भटकतेय. तिचं चुकलं असं म्हणायचीही सोय नव्हती. मी तेव्हा दक्षिण अमेरिकेत, अँडीजच्या एका उजाड डोंगरावर होते आणि दिवसभर भटकण्याचेच पैसे घेत होते. पुढे सुरतेतल्या भेस्तानच्या आमच्या सोसायटीत कुणी विचारलं की आई ठसक्यात सांगायची, आमची पोर पोरफिरीचं काम करते. मी दुरुस्त करणं सोडून दिलं.

बाकीच्यांना मात्र मी अजून दुरुस्त करते, कारण माझा स्वभावच तसा आहे. तांब्याचं काम म्हटलं की नातेवाइकांच्या डोळ्यांसमोर हंडे आणि कळशा येतात. एक काका दर लग्नात "आमच्यासाठी एखादा बंब तरी आणायचा" अशी मस्करी करतात आणि दर लग्नात मी त्यांना सांगते की तिथे तांबं दिसतच नाही. आमच्या डोंगरात शंभर किलो दगड फोडून अर्धा किलो तांबं निघालं असतं तरी कंपनीने पेढे वाटले असते. तांबं असतं ते केसाएवढ्या भेगांमध्ये, राखाडी दगडात, भिंगाखाली धरलं तर दिसेल असं. पण असे दगड डोंगरभर असतात, म्हणून त्यांना किंमत. काका ऐकून घेतात आणि पुढच्या लग्नात पुन्हा बंब मागतात.

तो डोंगर माणसांपासून फार लांब होता. जवळच्या गावाहून जीपने निघालं की दिवस त्यातच जायचा. झाड नाही, पाखरू क्वचित, आणि वारा असा की बोलायचं तर तंबूत जाऊन बोलायचं. कोट्यवधी वर्षांपूर्वी तिथल्या ज्वालामुखीच्या पोटात वितळलेला दगड वर चढला आणि वाटेतच थिजला. त्यातून सुटलेल्या कडकडीत खारट पाण्याने भोवतालचा दगड तडकवला, आणि पाणी निवत गेलं तसतसं त्यातलं तांबं त्या तडांमध्ये बसलं. आम्ही तांबं शोधतो म्हणतात, पण बहुतेक दिवस आम्ही त्या पाण्याने बदललेला दगड शोधत असतो. सगळ्यात बाहेर तो हिरवट होतो. आत गेलं की पांढुरका, आणि त्यात सोन्यासारखे कण चमकतात, ते नुसतं लोखंड आणि गंधक. त्याच्याही आत गुलाबी दगड, आणि नशीब असेल तर त्या गुलाबी दगडाजवळ तांबं.

रंगांवरून आतलं ओळखायची ही सवय मला कॉलेजात लागली असं सगळ्यांना वाटतं. ती लागली आमच्या शेजारच्या पांडेसऱ्यात. वडील तिथल्या डाइंग मिलमध्ये होते आणि शाळेच्या वाटेवर खाडी लागायची. खाडीचं पाणी रोज वेगळ्या रंगाचं असायचं. आज जांभळं, उद्या भगवं. कोणत्या मिलमध्ये काय चाललंय यावर आम्ही मुली भांडायचो आणि वाट वाकडी करून वर कुठल्या पाइपातून रंग येतोय ते बघायला जायचो. शाळेला उशीर झाला म्हणून मारही खाल्ला आहे. तो डोंगर पहिल्यांदा समोर आला तेव्हा त्यावर विटकरी, पिवळे, मधूनच मोरचुदाच्या रंगाचे ओघळ होते, आणि मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. हे मी आईला कधी सांगितलं नाही, कारण तिला ते आवडलं नसतं.

गेल्या वर्षीपर्यंत आम्ही त्या डोंगरात बरेच बोअर घेतले. हिरवट दगड लागला, पांढुरका लागला, गुलाबी लागेना. कंपनीचा धीर सुटत चालला होता. शेवटी ठरलं की एक खोल बोअर घ्यायचा. त्यात तांबं लागलं तर काम वर्षानुवर्षं चालणार, नाही लागलं तर तंबू गुंडाळायचे. त्या बोअरची जागा मी सुचवली होती. माझ्या तरुणपणातली चांगली वर्षं त्या डोंगरात गेली होती आणि तो बोअर लागावा असं मला जितकं वाटत होतं तितकं दुसऱ्या कशाबद्दल वाटल्याचं आठवत नाही.

बोअर अर्ध्यावर असताना मी रजेवर सुरतेला आले, कारण श्रावण होता आणि आमची खानदेशी देवी, कानबाई, घरात बसायची होती. खानदेशातून आलेल्या घरांमध्ये दिवाळीला नाही आलं तर चालतं, कानबाईला नाही आलं तर वर्षभर ऐकावं लागतं. घरी आल्या आल्या आईने आणखी एक बातमी दिली. हिरे तपासणाऱ्या एका लॅबमध्ये माझ्यासाठी जागा बघून ठेवली होती, मामाच्या ओळखीने. दगडांचंच काम आहे, एसी आहे, संध्याकाळी घरी. मी म्हटलं, विचार करते. खरं तर मी काहीच विचार करत नव्हते, मी बोअरची वाट बघत होते.

तिथे संध्याकाळ झाली की इथे सकाळ होते. रोज चहाच्या वेळी माझ्या सहकाऱ्याकडून फोनवर फोटो यायचे. बोअरच्या टोकाला हिऱ्यांचे कण बसवलेली पोकळ कडी असते, ती दगड कापत खाली जाते आणि आतून दगडाची लांब कांडी निघते. त्या कांड्या लाकडी पेट्यांत ओळीने मांडायच्या आणि ओल्या करून फोटो काढायचा. सुरतेत हिऱ्यांना घासतात आणि तिथे हिरे दगडाला घासतात, असं मी आईला म्हटलं तर तिला हसू आलं. तिने फोटो निरखून बघितला.

"ही तर फरशी शे," ती म्हणाली.

मी तिला स्वयंपाकघरातल्या ओट्याजवळ नेलं. आमचा ओटा गुलाबी ग्रॅनाइटचा आहे. म्हटलं, हे गुलाबी ठिपके दिसतात ना, असल्या रंगाचा दगड यायला हवा. आणि पोर्फिरी म्हणजे चिक्कीसारखं, बारीक पाकात मोठे दाणे. तिथले लोक स्पॅनिश बोलतात आणि या कांडीला साक्षीदार म्हणतात, कारण खाली काय आहे ते तीच सांगते.

"साक्षीदार पैसा खातस का?" आईने विचारलं. मी म्हटलं, हा नाही खात. ती पुढे पुष्कळ विचारत राहिली, खाली किती खोल, ऊन लागतं का, पाणी लागलं तर काय. मला फार बरं वाटलं, कारण इतक्या वर्षांत तिने माझ्या कामाबद्दल असं कधी विचारलं नव्हतं.

त्याच दुपारी कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांसाठी गहू निवडायला शेजारच्या मावशी आल्या. आई खाली दुकानात गेली होती. मावशी सूप पाखडता पाखडता म्हणाल्या, "यंदा तुनी मायनं काम व्हयी जाई. तू कायमनी घर येशी."

"कसं काय?" मी विचारलं.

"नवस करेल शे ना तिनी. तुना तो बोर कोरडा जाऊ दे म्हने."

मी गहू निवडत राहिले. मावशींना वाटलं मला माहीत आहे, म्हणून त्या पुढेही बोलत होत्या, पण मला काही ऐकू येत नव्हतं. सकाळपासून तिने जे जे विचारलं होतं ते आठवून माझं डोकं फिरलं. मला वाटलं होतं तिला दगड कळून घ्यायचाय, आणि ती तर बोअर कधी कोरडा जातो याची चौकशी करत होती.

आई पिशव्या घेऊन वर आली आणि मावशी गेल्या. मी तिला टेकूही दिलं नाही.

"तू असा नवस करा?"

"करा," ती म्हणाली. पिशव्या खाली ठेवल्या, पदराने तोंड पुसलं. "तू जाताना माले इचारीसन गयी व्हती का?"

"माय, मनं बठ्ठं काम त्यामा शे."

"मी तुनं वाईट नही मागं. दगडनं वाईट मागं." मग ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, की मागे तिकडे बर्फ पडलं आणि फोन लागेना, तेव्हा तिला माझी काळजी करायची होती पण तीही करता येईना. "सुरतना उधन्यात ऱ्हायती तर रस्ता डोयासमोर येता. तू कोठे शे तेच माले दिसत नही."

तिचं म्हणणं खरं होतं, त्यामुळे माझा राग आणखी वाढला. मला राग येतो पटकन आणि उतरतो सावकाश. दोन दिवस मी तिच्याशी कामापुरतं बोलले. रोट केले, देव्हारा सजवला, कानबाईच्या नारळाला नथ आणि लुगडं मीच घातलं, पण हात जोडताना मनात आलं की या एका देवीकडे एका घरातून दोन उलट अर्ज जाणार आहेत आणि पहिला आईचा आहे. मीही मागून घेतलं. मी शास्त्र शिकलेली बाई, आणि नारळापुढे उभी राहून आईच्या नवसावर नवस करत होते.

सोमवारी सकाळी विसर्जनाच्या मिरवणुकीच्या गडबडीत फोटो आला. पेटीतल्या कांड्या गुलाबी होत्या. शेवटच्या दोन ओळी तर आमच्या ओट्यासारख्या, आणि त्यात पांढऱ्या गारेच्या बारीक शिरा. मी फोन हातात धरून स्वयंपाकघरात गेले आणि अबोला विसरून तिला म्हटलं, बघ, आला. गुलाबी आला. मला रडू येत होतं आणि हसूही. आई फोनकडे न बघता माझ्याकडे बघत होती.

मग मिरवणूक निघाली. डफ वाजत होता, बायका फुगड्या घालत होत्या, आणि मी कधी नाही ती रस्त्यात नाचले. तापीवर पोचलो. ही नदी आमच्या खानदेशातूनच वाहत इथे येते, म्हणून इथल्या आमच्या बायकांना ती माहेरची वाटते. सगळ्यांनी कानबाईला निरोप दिला, पण आई पाण्याशी बराच वेळ ओणवी राहिली. तिचे गुडघे दुखत असतील म्हणून मी हाताला धरून तिला उठवलं.

गुलाबी दगड आला म्हणजे तांबं आलंच असं नसतं. हे मला माहीत होतं, तरी मी रजा वाढवून घेतली आणि प्रयोगशाळेच्या निकालाची वाट बघत बसले. तो सहकाऱ्याच्या मेलमधून आला, एका साध्या सकाळी. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. दगड बरोबर होता, जागा बरोबर होती, तांबं नावापुरतं. अशा डोंगरांचा गाभा कधी कधी रिता निघतो. पाणी तांबं घेऊन दुसरीकडे गेलेलं असतं, किंवा त्यात ते मुळात कमीच असतं. मेलच्या शेवटी तंबू उतरवण्याबद्दल दोन ओळी होत्या.

माझ्या मनात पहिलं काय आलं ते सांगते. झालं तुझ्या मनासारखं, असं मला आईला म्हणायचं होतं. ते वाक्य तोंडात घेऊनच मी आत गेले. आई खाली बसून मेथी खुडत होती. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तिला कळलं.

"नही लागं?"

मी मान हलवली.

ती रडायला लागली. मी तिला असं रडताना फार कमी वेळा बघितलं आहे. म्हणाली, "मी मांगे लेयेल व्हतं. नदीवर. तुनं तोंड देखं आणि मांगे ली लिधं." तिने नवस परत घेतला होता. "पण पहिलं मागेल तेच आयकं तिनी. मनामुये झायं."

तोंडातलं वाक्य मी गिळलं. तिच्याजवळ बसले आणि मला जे माहीत होतं ते सांगितलं. तो दगड थिजला तेव्हा तू नव्हतीस, मी नव्हते, माणूसच नव्हता. त्या जागी तांबं आलंच नाही. तू नवस केलास त्याच्या कोट्यवधी वर्षं आधी ते ठरलं होतं, आणि तू परत घेतलास त्याच्याही आधी. आम्ही फक्त जाऊन बघितलं. तेव्हा तर तुझी कानबाईपण नसेल.

"कानबाई व्हती," आई रडता रडता म्हणाली. एवढं मात्र तिने सोडलं नाही.

पण बाकीचं तिने ऐकलं. हे समजावताना माझाही राग गेला, कारण तिला जे पटवत होते ते मलाही पटवून घ्यायला लागलं. आम्ही दोघींनी मिळून उरलेली मेथी खुडली. मग ती म्हणाली, "मंग आते काय मागू? जे अजून ठरेल नही असं काही सांग."

मी विचार केला. डोंगराचं ठरलं होतं. हिऱ्यांच्या लॅबवाल्यांना मी अजून उत्तर दिलं नव्हतं, आणि पेरू देशातल्या दुसऱ्या एका डोंगरावर येशील का असं सहकाऱ्याने मेलखालीच विचारलं होतं. आईपासून काही लपवायची माझी इच्छा नव्हती, म्हणून दोन्ही सांगितलं.

"मी जाऊ का ऱ्हाऊ, तेवढंच ठरेल नही शे, माय."

तिला इतकी वर्षं जे हवं होतं ते मागायला आता वाट मोकळी होती, आणि तिला ते कळलं होतं हे मला दिसलं. तिने मेथीच्या काड्या गोळा केल्या, ताट उचललं.

"मंग ते मी मागत नही," ती म्हणाली. "ते तुनं तू ठरव."