पहिली सही मामांची

लिफ्टशेजारच्या फळ्यावर तो कागद लागला त्या संध्याकाळी मी ऑफिसमधून वैतागूनच आले होते. शेवटच्या दीड किलोमीटरने पाऊण तास खाल्ला होता आणि हातातल्या पिशवीतली कोथिंबीर पार मलूल झाली होती. कागद इंग्रजीत होता. चेन्नईतल्या आमच्या वेलचेरीच्या रस्त्यावर चाललेलं सायकल लेनचं काम ताबडतोब थांबवावं, रहिवाशांचे अतोनात हाल होत आहेत, रस्ता पूर्वीसारखा गाड्यांना मोकळा करावा, वगैरे वगैरे. खाली सह्या. बऱ्याचशा तमिळ, थोड्या इंग्रजी. पण सगळ्यात वरची, पहिली सही देवनागरीत होती. मोठं, गोल, शाळामास्तरी अक्षर.

आमच्या अख्ख्या इमारतीत देवनागरीत सही करणारी माणसं दोनच. एक मी, एक मामा. आणि मी काही ती केली नव्हती.

केसाने गळा कापणं म्हणतात ते काय असतं, हे मला त्या फळ्यासमोर कळलं. कारण ही सायकल लेन आम्हा दोघांची होती. म्हणजे बांधत होतं सरकार, पण मागितली आम्ही होती. अर्जाचं इंग्रजी माझं आणि तो घेऊन बत्तीस फ्लॅटच्या पायऱ्या चढणारे गुडघे मामांचे.

मामा पहिल्या मजल्यावर एकटे राहतात, मी त्यांच्या बरोबर वर, दुसऱ्यावर. सगळी इमारत त्यांना मामाच म्हणते. तंजावरकडचं मराठी कुटुंब, किती पिढ्या इकडे गेल्या ते त्यांनाही सांगता येत नाही. गणिताचे मास्तर होते. मी साताऱ्याकडची, गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी बघते. इथे नवीन होते तेव्हा एकदा लिफ्टमध्ये फोनवर साहेबाला मनसोक्त शिव्या घालत होते, या गावात कोणाला कळतंय अशा थाटात. शेजारी उभे असलेले म्हातारे गृहस्थ शांतपणे म्हणाले, "हळू बोल, अम्मा. मज अवघें कळतें आहे." मी जमिनीत गडप व्हायचीच बाकी राहिले. त्या दिवसापासून आमची गट्टी.

मामांनी आयुष्यभर शाळेत सायकलने ये-जा केली. म्हातारपणीही बाजारात सायकलनेच जायचे. एक दिवस एका शेअर ऑटोने त्यांना असं काही घासलं की कोपर सोलवटून घरी आले. जखमेला औषध लावता लावता मी भडकले आणि त्याच संध्याकाळी अर्ज लिहायला बसले. लोक हसले मला. कारखान्यात गाड्यांचे ब्रेक तपासतेस आणि रस्ता सायकलींना मागतेस? मामा म्हणायचे, "दोन्ही पाहिजेत, नाही कां?" आणि सही घेऊनच दारातून हलायचे. त्या अर्जाखालीही देवनागरीत सह्या दोनच होत्या, त्यांची आणि माझी, शेजारी शेजारी.

मग काम सुरू झालं आणि आमचे वाईट दिवसही. अर्धा रस्ता पत्रे लावून बंद. उरलेल्या अर्ध्यात बस, पाण्याचे टँकर, शेअर ऑटो आणि आम्ही. आधी गटार खणलं, मग ते बुजवलं, मग कठड्यासाठी तिथेच पुन्हा खणलं. मुकादमाला कधीही विचारा, उत्तर एकच, पुढच्या आठवड्यात. पुढचा आठवडा काही येईना. लिफ्टमध्ये शिरले की तिसऱ्या मजल्यावरची बाई म्हणायची, "आज तुमच्या लेनने माझा एक तास घेतला." जणू मीच रोज सकाळी फावडं घेऊन खणायला जात होते. बोलणी खाताना मला एकच आधार होता, मामा. रोज संध्याकाळी ते काम बघायला जायचे, माणूस स्वतःच्या नव्या घराचं बांधकाम बघायला जातो तसे. छत्रीने लेनची रुंदी मोजून यायचे आणि सांगायचे, "दोन सायकली सुखानें जातील."

अशात त्यांच्या भाचीचं लग्न ठरलं. मामांना एकच बहीण, इथेच मैलापुरात राहते, नवरा कधीच गेलेला. तिची ही एकुलती एक मुलगी. त्यांच्यात अंतरपाट आपल्यासारखाच धरतात आणि मुलीच्या पाठीशी मामा उभा राहतो. बाप नसलेल्या पोरीच्या मागे तर त्याच्याशिवाय कोण? तिच्या बारशालाच बहिणीला शब्द दिला होता म्हणे. दोन महिने मामा दुसरं काही बोलत नव्हते. लग्नात नेसायला नवी वेष्टी, म्हणजे त्यांच्याकडचं धोतर, आणली, ती दोनदा धुऊन मऊ केली.

मुहूर्त सोमवारचा, सव्वानऊच्या पुढचा. आता सोमवारी साडेसात ते नऊ राहुकाळ. या गावात राहुकाळात शुभकार्याला कोणी उंबरठा ओलांडत नाही. म्हणजे साडेसातच्या आत घराबाहेर पडायलाच हवं. आणि आदल्या दिवशी तर त्यांच्या स्वतःच्याच घरी घरदेवाची पूजा, बहिणीकडे राहायला जाता येईना. पण मामांकडे तोड होती. रविवारी चांगली वेळ बघून त्यांनी माझ्याकडे प्रस्थान ठेवलं. कोऱ्या फडक्यात मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड, वर घडी केलेलं अंगवस्त्र. हे गाठोडं शेजाऱ्याच्या घरी ठेवलं की माणूस शुभवेळी निघाला असं धरतात. मग प्रत्यक्ष पाऊल कधीही उचला, राहुकाळ आडवा येत नाही. फक्त गाठोडं उचललं की परत स्वतःच्या घरात शिरायचं नाही. आमच्याकडे हे मी नुसतं ऐकलं होतं, डोळ्यांनी चेन्नईत पाहिलं. मला भारी कौतुक वाटलं. गाडीने मीच सोडणार म्हटलं, सातला निघू.

मामा सोमवारी पावणेसातलाच वर आले. मी नेमकी कॉलवर. पुण्याच्या प्लांटमध्ये आमचा एक लॉट अडकला होता, दहा मिनिटांचं काम होतं. ते लांबलं. फार नाही, पण लांबलं. मामा गाठोडं मांडीवर घेऊन सोफ्याच्या कडेवर बसले होते. मध्येच उठून हलकेच म्हणाले, "मी ट्रेननें जातों, अम्मा. येथें बसलों कीं मैलापुरास उतरणें. तूं आपलें काम पाहा." मी फोनवर हात ठेवला. "पाचच मिनिटं, मामा. नवी वेष्टी नेसून ट्रेनने कुठे जाता? आणि प्रस्थान ठेवलंय ना, मग राहुकाळाची घाई कसली?"

"सरि, सरि," म्हणाले आणि पुन्हा बसले.

निघालो. आणि रस्त्याने डाव साधला. कोपऱ्यावर एका बसचं पुढचं चाक कठड्यासाठी खणलेल्या चरात गेलेलं, बस तिरकी, मागे सगळं ठप्प. रविवारपर्यंत चर बुजवतो असं मुकादम स्वतःच्या तोंडाने मला म्हणाला होता. डावीकडे पत्रे, उजवीकडे दुभाजक, मागे टँकर. वळता येईना, गाडी सोडता येईना. मामांना उतरून चालत जा म्हणायची सोय नव्हती, गुडघे आणि पुढचा चिखल. मी हॉर्न दाबत होते, मुकादमाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. एक फुलवाली बाई सायकलला टोपली बांधून पत्र्याच्या आतून, आमच्या अर्धवट लेनवरून, आरामात निघून गेली. मामा तिच्याकडे बघत राहिले. "सायकल असती तर पोंचलों असतों," एवढंच म्हणाले.

बहिणीचा फोन तीनदा येऊन गेला. चौथा आला तेव्हा पलीकडे नुसता गलका होता. कोणीतरी फोन चालूच ठेवला होता. मंगलाष्टकं ऐकू आली, आपलीच, मराठी, पण तमिळ हेलात. मग नादस्वरम आणि तविल एकदम जोरात सुरू झाले. गळ्यात ताली, म्हणजे मंगळसूत्र, बांधताना वाजवतात तो गेट्टीमेळ. मामांनी मांडीवरचं गाठोडं सोडलं. त्यातले तांदूळ मुठीत घेतले आणि समोर, मैलापूरच्या दिशेला, माझ्या गाडीच्या डॅशबोर्डवर टाकले. मग फडक्याची गाठ पुन्हा नीट बांधली.

आम्ही पोचलो तेव्हा पंगत बसत होती. मुलीच्या मागे कोणी तरी चुलता उभा राहिला म्हणे. बहीण मामांशी एक शब्द बोलली नाही, माझ्याकडे तर तिने पाहिलंही नाही. मी केळीच्या पानावरचं कसंबसं गिळलं आणि ऑफिस गाठलं. परतीच्या वाटेवर पुन्हा तोच चर, तीच गर्दी. त्या रस्त्याचा मलाही संताप येत होता. पण मामांच्या तोंडून लेनबद्दल एक वाईट शब्द निघाला नव्हता, म्हणून मीही गप्प राहिले.

आणि आठवड्याभराने फळ्यावर तो कागद. पहिली सही मामांची.

मी पिशवी न ठेवता तशीच त्यांच्या दारात गेले. "मामा, ती सही तुमची?"

"होय."

"का पण? तुम्ही छत्रीने रुंदी मोजत होतात! मी इतके महिने कोणासाठी बोलणी खाल्ली?"

"रस्त्यानें त्रास होतो आहे, अम्मा. सर्वांस."

"सर्वांना होत होताच. तुम्हाला आज कळला?"

त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. "पोदुम, अम्मा. पुरे," म्हणाले आणि दार लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर मी त्यांच्याशी बोलले नाही. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं मनाशी हजारदा म्हणून घेतलं. तिसऱ्या मजल्यावरची बाई आता मला लिफ्टमध्ये गोड हसायची आणि ते तिच्या टोमण्यांपेक्षा जास्त लागायचं. परक्या गावात एक आपल्या बोलीचं माणूस मिळालं आणि त्यानेच मला तोंडघशी पाडलं. माझा लॉट, माझा कॉल, सगळं बाजूला ठेवून मी त्यांना गाडीतून नेलं होतं, हेही मी स्वतःला रोज सांगायचे. लेनचं काम आमच्या फाटकाअलीकडेच बंद पडलं. त्या अर्जामुळे की आणखी कशामुळे, देव जाणे. झालेल्या तुकड्यावर लोक मोटारसायकली लावू लागले. खाली पार्किंगमध्ये मामांच्या सायकलची हवा गेलेली दिसायची. बरं झालं, असं मला वाटायचं. खोटं कशाला सांगू?

मग एका रविवारी लिफ्टमध्ये मामांची बहीण भेटली. हातात दोन डबे असलेली पिशवी होती. मला वाटलं तोंड फिरवेल. तिने उलट माझा हात धरला.

"तूंच ना ती गाडीची? आधीं मज तुजवर फार राग होता. म्हटलें, या पोरीनेंच उशीर केला. भाऊ म्हणाला, नाही, तिजवर बोल ठेवूं नको. ती सातांस गाडी काढून उभी होती, त्या सायकलीच्या रस्त्यानेंच घात केला. मग मीच हट्ट धरला. म्हटलें, रस्त्यानें घात केला ना, मग तुमच्या इमारतींत काम थांबविण्याचा अर्ज निघतो आहे म्हणतोस, त्यावर पहिली सही तूं कर, तरच मी खरें मानीन. दोन दिवस गप्प बसला होता. मग केली."

माझा कॉल पावणेसातला सुरू झाला होता आणि संपला तेव्हा आठ वाजून वीस मिनिटं झाली होती. सात वाजता ट्रेनने निघाला असता तर तो माणूस अंतरपाट धरायच्या कितीतरी आधी मैलापुरात असता. प्रस्थान ठेवलं नसतं तर, साडेसातच्या भीतीने, माझं न ऐकता निघून गेला असता. त्यांच्या गाठोड्याचा आधार घेऊन मीच त्यांना सोफ्यावर बसवून ठेवलं होतं. गळा कापला गेला होता तो त्यांचा.

पहिला मजला आला. दार उघडलं. मामा बहिणीला घ्यायला बाहेरच उभे होते, मागे त्यांचं घर उघडं. बहिणीने माझा हात अजून सोडला नव्हता.

"सातांसच निघालां होतां ना?" तिने विचारलं.

मामा माझ्याकडे बघत होते.

"हो," मी म्हणाले. "सातलाच."

मामांनी बहिणीच्या हातातली पिशवी घेतली. मग महिन्याभराने पहिल्यांदा माझ्याशी बोलले. "आंत ये, अम्मा. कापी पिऊन जा."