ऐकलेलं परत म्हणणारे बाबा

माझ्या लग्नात भटजी म्हणाले, "मुलाच्या वडिलांनी अक्षता हातात घ्या." हॉलमध्ये दोनशे माणसं. माझे सासरे ताठ उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "अक्षता हातात घ्या!" मग अक्षता घेतल्या आणि तसं कळवलंही, "अक्षता हातात घेतल्या!" माझ्या मैत्रिणी लोळायच्याच बाकी होत्या. मी मान खाली घालून हसू दाबत होते आणि लोकांना वाटलं, नवरी लाजतेय.

हे आमचे बाबा, दत्ताराम. मूळचे मालवणकडचे, वाढले विक्रोळीच्या चाळीत. वडिलांची गिरणी बंद पडली तेव्हा बाबांनी जहाज धरलं आणि अठ्ठावीस वर्षं मालवाहू जहाजांच्या सुकाणूवर काढली. कप्तान म्हणाला, "स्टारबोर्ड टेन", म्हणजे सुकाणू उजवीकडे दहा अंश, की सुकाणूवरच्या माणसाने तेच शब्द मोठ्याने परत म्हणायचे आणि सुकाणू तिथे आलं की आल्याचंही सांगायचं. गपचूप वळवलं तर शिवी खायची. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी ती सवय काही सुटली नाही. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणतात, "दोन जुड्या मेथी आणा." बाबा जिन्यातून ओरडतात, "दोन जुड्या मेथी!" आणि परत आले की दारातूनच, "दोन जुड्या मेथी, आणली!" आमच्याकडे आज कुठली भाजी, हे अख्ख्या मजल्याला ठाऊक असतं.

इंग्रजीही त्यांचं जहाजावरचंच. फिलिपिनो, ग्रीक, युक्रेनी, कोरियन, सगळ्यांकडून थोडं थोडं उचललेलं. त्यात 'इज' नव्हतं, 'वॉज' नव्हतं, काम मात्र होतं. मी मुलुंडच्या कॉन्व्हेंटमधली, वक्तृत्वाची तीन बक्षिसं मिळवलेली. बाबा इंग्रजी बोलायला लागले की मला भातात खडा लागल्यासारखं व्हायचं. खोटं कशाला बोलू?

दिवाळीनंतर मला बढती मिळाली. अंधेरीला आमचं मालवाहतुकीचं ऑफिस आहे. परदेशी मंडळींबरोबरचा दर आठवड्याचा कॉल आता मी चालवणार होते. त्या आनंदात साहेबांना घरी जेवायला बोलावलं. साहेब बोलायला तोंड उघडतात तोच बाबा म्हणाले, "यू ईट फर्स्ट, सर. टॉक आफ्टर. फिश कमिंग!" साहेब हसले. मला वाटलं, माझ्या घराला हसले. बाबांना स्वयंपाकघरात गाठून मी म्हटलं, "बाबा, प्लीज, इंग्रजी नका बोलू."

 बाबा हळूच म्हणाले, "इंग्रजी नका बोलू."

पाहुणे गेल्यावर मी ओट्याशी भांडी आवरत होते, तर दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "इंग्रजी नाही बोललो." माझा नवरा किरण खो खो हसला. मला हसू आलं नाही, मी भांडी आवरत राहिले.

कॉल सुरू झाले आणि माझी वाट लागली. कोरियाचे मिस्टर चोई वयाने मोठे आणि मोजकं बोलणारे, तर पोलंडच्या मॅग्दाबाई बोलायला लागल्या की थांबायच्या नाहीत. मी माझं बक्षीसपात्र इंग्रजी काढायचे. "आय वॉज वंडरिंग इफ यू कुड पॉसिबली सेंड द लिस्ट बाय थर्सडे?" चोई म्हणायचे, "येस, येस." गुरुवार उलटायचा, मालाच्या लिस्टचा पत्ता नाही. मी लिस्ट मागतेय हे त्यांना कळायचंच नाही. या बाई कसलासा विचार करताहेत, करू देत बापड्या, असं त्यांना वाटत असणार. दोनदा माल बंदरावर अडकला. साहेबांनी स्पष्ट सांगितलं, "शीतल, आणखी एकदा असं झालं तर कॉल हर्षदकडे." हर्षद आमच्या सांताक्रूझच्या ऑफिसातला, कधीचा टपून बसलेला.

त्या दिवशी कॉल घरूनच केला होता. लॅपटॉप मिटून मी डोकं धरून बसले. बाबा समोर वाटाणे सोलत होते. म्हणाले, "तुझो हुकूम कोणीच परत म्हटल्यान नाय गो."

"बाबा, हे काय जहाज आहे?"

"मगे तेका कळला ह्या तुका कसा कळला?"

 तरी मी वाद घातला. एवढ्या मोठ्या माणसाला 'माझं वाक्य परत म्हणा' असं सांगायचं? अपमान वाटेल त्यांना.

"मगे तू म्हण त्यांचा," बाबा म्हणाले. "बंदरात वाट दाखवूक वाटाड्या चढता ना जहाजार, तो सांगता ता कप्तानसुद्धा परत म्हणता. म्हणून काय कप्तान ल्हान झालो? 'उजवीकडे दहा' म्हटल्यान की 'उजवीकडे दहा'. बारकी वाक्यां कर. आणि ऐक. बोलूचा काम अर्धाच असता."

पुढच्या मंगळवारी दुपारी चारचा कॉल पुन्हा घरूनच होता. साहेबही ऑफिसातून कॉलवर ऐकायला बसले होते. चोई म्हणाले, "फ्रायडे ओके." मी घसा खाकरला. "मिस्टर चोई, आय रिपीट. शिप गोज फ्रायडे."

चोई एकदम पुढे सरकले. 

"नो, नो! फ्रायडे, फॅक्टरी फिनिश. शिप, मंडे!"

म्हणजे गेले चार महिने कारखान्यातून माल निघायच्या दिवशी मी त्याला जहाजावर चढवत होते! मी परत म्हटलं, "फॅक्टरी फ्रायडे, शिप मंडे." चोईंनीही आपण होऊन तेच म्हटलं. मग मॅग्दाबाईंनी म्हटलं. अर्ध्या तासात आम्ही तिघं बालवाडीत पाढे म्हणावेत तसे तारखा घोकत होतो आणि हसत होतो. लिस्ट तर चोईंनी कॉल चालू असतानाच पाठवली. साहेब म्हणाले, "शीतल, हा कॉल तुझ्याकडेच राहू दे." मला तिथेच नाचावंसं वाटलं.

तेवढ्यात चोईंनी विचारलं, "धिस, शिप स्टाइल. हू टीच यू?"

मी सांगितलं, सासऱ्यांनी. ते म्हणाले, बोलवा त्यांना. मी हाक मारली. बाबा आले, कॅमेऱ्यासमोर उभे राहिले, हात जोडले आणि गप्प. चोई बोलले, बाबा गप्प. मी कोपराने ढोसलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. 'स्टारबोर्ड टेन' न म्हणता 'उजवीकडे दहा' म्हणाले होते ते. 'पायलट' न म्हणता 'वाटाड्या' म्हणाले होते. अठ्ठावीस वर्षं ज्या शब्दांवर पोट भरलं, ते चार महिन्यांत एकदाही तोंडातून काढले नव्हते. माझा हुकूम अजून चालू होता. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

साहेब बघत होते. बघू देत. मी सगळ्यांसमोर मोठ्याने म्हटलं, "बाबा, इंग्रजी बोलायचं."

बाबा ताठ झाले. "इंग्रजी बोलायचं!" मग कॅमेऱ्याकडे वळून म्हणाले, "गुड इव्हनिंग, सर! यू ईट? राइस ईट?"

चोईंचा चेहरा असा फुलला की काय सांगू! माझ्या 'होप यू आर डूइंग वेल'ला त्यांनी कधी मान वर केली नव्हती. "नॉट येट!" ते ओरडले. "यू?" बाबा म्हणाले, "मी, आफ्टरनून ईट. फिश!" मग कुठला मासा, तिखट किती, बुसानच्या बंदरात थंडी कशी, असं वीस मिनिटं चाललं. एकमेकांचं सगळं परत म्हणत होते दोघं. मॅग्दाबाई माशाची कृती लिहून घेत होत्या आणि साहेबही, शपथ सांगते, "पापलेट की सुरमई?" विचारत होते.

कॉल संपला. मी चहा टाकायला गेले आणि ओट्याशी उभी राहून चक्क रडले. मागे चाहूल लागली. बाबा दारात, त्याच जागी उभे होते. डोळ्यांत पाणी आणि तोंडभर हसू.

"इंग्रजी बोललो," ते म्हणाले.