लोखंडी चिलखत आणि विजेचं पाखरू

माझ्या नणंदेच्या नवऱ्यावर मी सूड उगवला, तोही आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवसांत, भरल्या घरात. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. लग्नपत्रिकांचा मजकूर जुळवायला नवऱ्याने आमच्या जळगावच्या घरात, पुढच्या खोलीत, कॉम्प्युटर घेतला होता. दुपारी तो छापखान्यात गेला की कॉम्प्युटर माझा. कुणीतरी दिलेल्या सीडीत राक्षस-किल्ल्यांचा एक खेळ होता. मरत मरत मी तो शिकले. बर्फाचा राक्षस तलवारीला दाद देत नाही, पेटत्या बाणाने वितळतो. आगीचा नाग पाण्याला भितो. चिलखतांचेही गुण वेगवेगळे. एक थंडी अडवतं, एक विष. कातड्याचं मळकट चिलखत दिसायला दरिद्री, पण वीज अंगाला लागू देत नाही. हिवाळाभर खेळून माझी धनुर्धारी शेवटच्या किल्ल्याच्या दाराशी पोचली होती.

आखाजीला नणंद माहेरी आली. तिला सोडायला तिचे यजमान धुळ्याहून आले आणि दोन दिवस राहिले. कूलरचं तोंड स्वतःकडे वळवून तोच खेळ खेळत बसले. ते निघायच्या आधी मी सहज पाहिलं, तर माझ्या धनुर्धारीच्या जागी त्यांचं नाव.

"भाऊजी, माझा खेळ कुठे गेला?"

"तुमचा होता? मला वाटलं, कुणा पोराचा असेल. पुसला." मग सगळ्यांकडे बघत म्हणाले, "वहिनी, तुम्ही आपले मांडे करा. तुमचा हात त्यातच बसलाय."

सगळे हसले. नणंद तेवढी हसली नाही. स्वयंपाकघरात येऊन नवरा हळूच म्हणाला, "जाऊ दे. जावई आहेत, आणि खेळच तर आहे."

मी जाऊ दिलं नाही. ते गेल्यावर त्यांचा खेळ उघडून पाहिला. त्यांचा योद्धा घाटाच्या पायथ्याच्या दुकानात उभा होता. घाटात विजेचं पाखरू. योद्ध्याच्या अंगात तेच कातडी चिलखत, नशिबाने मिळालेलं. मी कशालाही हात लावला नाही. हा माणूस काही वाचत नाही, चमकेल ते उचलतो, हे मी दोन दिवस पाहिलं होतं. तेवढं पुरे होतं.

आठवड्याने ते नणंदेला न्यायला आले. आमरसाचं जेवण झालं, भाऊजी खेळायला बसले आणि सासरे, शेजारी, सगळे कॉम्प्युटरभोवती जमले. खेळातल्या त्या दुकानात लखलखीत लोखंडी चिलखत टांगलेलं होतं.

"सांगा वहिनी, कोणतं शोभेल मला? रंगाचं तुम्हाला कळतं."

"ते लोखंडी," मी म्हटलं. "जावईबापूंना तेच शोभेल."

जुनं विकून त्यांनी ते चढवलं. पाखरू आलं, वीज कोसळली, योद्धा काळा ठिक्कर. पुन्हा गेले, पुन्हा तेच. सासरे गावाकडच्या बोलीत म्हणाले, "हाऊ पक्षी तं जावईबापूसनं ऐकतच नही!" शेजारी खो खो हसले. तिसऱ्यांदा मेल्यावर भाऊजी म्हणाले, "सीडीवर ओरखडा आहे."

"ओरखडा नाही," मी म्हटलं. "चिलखताखाली लिहिलं होतं, लोखंडावर वीज दुप्पट पडते."

"मग आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही रंगच विचारला होतात."

भाऊजींनी कूलरचं तोंड पुन्हा स्वतःकडे वळवलं. माझ्या छातीत मात्र गारवा पसरला. चहा न घेताच ते निघाले. नवरा त्या रात्री माझ्याशी धड बोलला नाही, आणि मला त्याचीही पर्वा वाटली नाही.

दोन दिवसांनी नणंदेचा फोन आला. मला वाटलं, आता ऐकावं लागणार.

"वहिनी, धुळ्याच्या वाटेवर पार पारोळ्यापर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत," ती म्हणाली. "लग्नानंतर पहिल्यांदा मी खिडकीशी बसून निवांत प्रवास केला."