मामांचं जहाज आणि तिवरांचं अरण्य

पनवेलात ज्या झाडाला माझ्या बायकोच्या थोरल्या मामांनी नावाने हाक मारलेली नाही, ते झाड अजून उगवायचं आहे. कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं बरण्या पुसून निवृत्त झालेला हा गृहस्थ कुणाकडे गेला की आधी कुंड्यांची विचारपूस करी, मग यजमानांची. माझ्याच लग्नात आंतरपाट धरलेला, मुहूर्ताला दोन मिनिटं उरलेली, आणि मामा पुढे होऊन सांगताहेत, "गुरुजी, हारातली ही तुळस नव्हे, सब्जा आहे!" गुरुजींचा चेहरा मला अजून आठवतो. बायकोचा आठवत नाही, मध्ये आंतरपाट होता.

निवृत्त झालो की जहाजातून अंदमानचं जंगल दाखवीन, असं मामांनी मामींना फार पूर्वी कबूल केलं होतं. निवृत्ती आली आणि तिच्या मागोमाग मामींचं हृदयाचं दुखणं. डॉक्टरांनी लांबच्या प्रवासाला साफ नाही म्हटलं. दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. मामांनी कोळीवाड्यातल्या एका नाखव्याची होडी ठरवली, तिच्यात मामींसाठी खुर्ची बांधून घेतली आणि सामान उचलायला मला धरलं. "जंगल ते जंगल, जावईबापू! खारं पाणी तिथंही आणि इथंही."

सकाळी नऊच्या भरतीला निघालो. खाडीच्या दोन्ही काठांना तिवरांची दाटी. मामा होडीत उभे राहून ओरडताहेत, "डावीकडे पाहा, उष्णकटिबंधीय अरण्य!" पुढे नाखव्याच्या बहिणीच्या परसात उद्यानदर्शन झालं. उद्यान म्हणजे शेवगा, दोन केळी आणि अबोली. तिथे चहा झाला, अबोलीवर व्याख्यान झालं. परतताना तर मामा दर चार हातांवर होडी थांबवू लागले.

"मामा, पानी उतरतंय," नाखवा म्हणाला. "आता नाय निंगालो तर चिखलान बसू."

"थांबा हो, एवढ्या कांदळाची ओळख राहिली."

ओळख झाली आणि होडी बसली.

पाच तास! वर ऊन, खाली चिखल, उतरावं तर कमरेपर्यंत रुतावं. मी मनातल्या मनात मामांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, खोटं कशाला बोलू? मामांचं तोंड मात्र एवढंसं झालं. ते मामींच्या खुर्चीला टेकून बसले. "अगं, एवढंसुद्धा धड जमलं नाही मला. गोळ्या आणल्यास ना?"

मामींनी पिशवी दाखवली आणि पदर डोक्यावर ओढला. "अहो, आणल्यात. तुम्ही तो मासा बघा आधी, चिखलावर कसा उड्या मारतोय!" संध्याकाळी पाणी येईपर्यंत दोघं तेच बघत बसली.

पुढच्या दिवाळीआधी मामी गेल्या. मी भेटायला गेलो. म्हटलं, "मामींनी जंगल तरी पाहिलं, मामा."

"जंगल राहू द्या हो," मामा म्हणाले. "अडतीस वर्षं सारखी उठायची. कुकर झाला, दूधवाला आला. सलग पाच तास माझ्याशेजारी बसली, ती तेवढीच."