भट्टी किती मिनिटं बंद होती

कुरामोची-सान म्हणजे जपानमधल्या आमच्या प्रयोगशाळेचे भट्टीवाले. एकतीस वर्षं वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये यिटर्बियमचे स्फटिक वाढवतायत. कुठलीही कळ दाबायच्या आधी तिच्याकडे बोट दाखवून मोठ्याने म्हणणार, "पाणी चालू, ठीक. तापमान, ठीक." मी शेजारच्या खोलीत खडे गार करायचं द्रव हेलियम भरते. पहिल्या वर्षी या बडबडीने माझं डोकं उठायचं.

त्यांच्या एका स्फटिकावर नाबेशिमा नावाच्या मुलीची डॉक्टरेट उभी होती. यिटर्बियमचा एक इलेक्ट्रॉन अणूत राहू की बाहेर पडू अशा घोळात असतो. तापमान निरपेक्ष शून्याच्या जवळ नेलं तरी हा घोळ मिटेना, नेमका दोन अवस्थांच्या कड्यावर थांबलेला, असा तो एकच खडा. परीक्षकांनी सांगितलं, दुसरा करून दाखवा.

तो काही होईना. कुरामोची-सानांच्या वहीतली कृती तीच, तरी सव्वीस वेळा साधेच खडे निघाले. कुरामोची-सान जेवेनासे झाले, डब्यातला भात तसाच परत न्यायचे. मी चिडवलं, बायकोशी भांडलात की काय? ते हसले नाहीत.

"भूकंपाचं मी लिहिलंच नाही हो," ते म्हणाले.

तो पहिला खडा भट्टीत असताना एक दिवस जरासा हादरा बसला होता. हादऱ्याने भट्टी आपोआप बंद पडते. यांनी ती पुन्हा लावली, आणि एवढ्याशा हादऱ्याचं काय लिहायचं म्हणून वही मिटली. सेंदाईत असे हादरे मोजतंय कोण! भट्टीही जुनी, स्वतः नोंद ठेवणारी नाही. पण बहुधा मधल्या त्या थंडाव्यातच खडा वेगळा झाला होता.

निवृत्तीला दोन महिने उरलेले, आणि यांच्यापायी ती पोरगी खोटारडी ठरणार. मला रागही आला, कीवही आली. शेवटी मीच त्यांना तिच्या टेबलापाशी नेलं.

सगळं ऐकून तिने पेन उचललं. "किती मिनिटं बंद होती?"

त्यांनी मान खाली घातली. "माहीत नाही. घड्याळ बघितलं नव्हतं."

तिने प्रबंधात तसंच लिहिलं. पदवी रखडली. आता दर नऊ दिवसांनी ती नवा खडा लावते आणि मधेच मुद्दाम भट्टी बंद करते, कधी पाच मिनिटं, कधी चाळीस. निवृत्त होऊनही कुरामोची-सान येऊन शेजारी उभे राहतात. ती त्यांच्यावर अजून एकदाही रागावलेली नाही. तरी जिन्यात तिची चाहूल लागली की ते घाईने मनगटावरचं घड्याळ काढून वहीशेजारी ठेवतात.