बरणीपुरता उजेड

चांद्याच्या बाजारात आमच्या शिंपीमास्तरांच्या खिडकीत काचेची बरणी असे. तिच्यात तळ्यातल्या पाणवेली आणि मासोळ्या. ऊन जास्त झालं की पाणी हिरवं होई, कमी पडलं की पानं कुजत. म्हणून मास्तर गिऱ्हाइकांची कापडं खिडकीवर टांगून उजेड जुळवत. दुपारी जाडं मांजरपाट, सकाळी मलमल.

लग्नाच्या आदल्या दिवशी माझ्या सदऱ्याचं कापड तिथंच लटकलेलं!

“मास्तर, उद्या लग्न आहे माझं!”

“पण भाऊ, याच्यातूनच बरोबर उजेड येऊन राह्यला. पाहा, पानायले कसे बुडबुडे आले!”

माझा संताप पाहून ते हसले. अंगातला सदरा काढून त्यांनी खिडकीवर टांगला आणि माझा शिवायला घेतला.

दुसऱ्या दिवशी मांडवात ते बनियनवरच आले.

“मास्तर, सदरा कुठी?” एका वऱ्हाड्यानं विचारलं.

“ड्यूटीवर आहे, भाऊ.”